टिकलीखालचं कपाळ

गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाणारा रस्ता जिथून चढायला लागतो, तिथे खालीच मधुकररावांचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, रिबिनी, कंगवे, आरसे आणि टिकल्या. टिकल्यांत या माणसाचा हात धरणारं साऱ्या समुद्रपूर तालुक्यात कुणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सांगायचे, दुसऱ्याला सांगायची सवडच ठेवायचे नाहीत. बाई दुकानात शिरली की यांची नजर आधी तिच्या कपाळावर. "बाई, हलका गोंद वापरून राह्यल्या तुमी. पांढरं पडून राह्यलं, पाहा. दोन महिने टिकली बंद. मेणावर कुंकू लावजा." दोन-चार महिन्यांनी तीच बाई टेकडी उतरताना दुकानात डोकावून सांगायची, की डाग थांबला, कडेनं रंग भरून आला. मग मधुकररावांची छाती अशी फुगायची की बाकीच्या गिऱ्हाइकांना पुढचा अर्धा तास ऐकून घ्यावं लागायचं.

दुकानाचं नाव मंदा कटलरी. मंदा म्हणजे त्यांची बायको, मंदाबाई. त्यांचं कपाळ चांगलं रुंद, आणि त्या गल्ल्यापाशी बसायच्या त्याच मुळी रोज नवी टिकली लावून. बायका काचेतल्या पाकिटांकडे बघायच्याच नाहीत. "मंदाबाई, तुमी लावली तशी द्या." तीस वर्षं असा धंदा चालला. लक्ष्मी लक्ष्मी म्हणतात ती काय वेगळी असते!

त्या कपाळावर, दोन भुवयांच्या जरा वर, चार वर्षांपूर्वी हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा डाग पडला.

मंदाबाईंनी आरशात पाहिलं, नवऱ्याला दाखवलं. मधुकरराव हसले. "गोंद हाय. पाच नंबरची लाव, झाकून जाईन." पुढच्या वर्षी पाच नंबरच्या कडेतून डाग डोकावायला लागला, तेव्हा आठ नंबरची आली. मग मखमली, गडद मरून, बारा नंबरची आली, जी लग्नातल्या नवरीलाही जरा मोठीच वाटावी. मधुकरराव नागपूरहून माल आणताना ती आठवणीनं वेगळी बांधून आणायचे. "तुह्यासाठी आनली," म्हणायचे. मंदाबाई लाजायच्या. एवढ्या वयात! शेजारच्या रुख्माबाई चिडवायच्या, "मधुकरराव, बायकोचं कपाळ आता पुरत नाई जी तुमाले."

यंदा पोळा झाला आणि मंदाबाईंना सुईत दोरा ओवता येईना. मुलगा निकेश वर्ध्याला नोकरीला, बोरगाव मेघेला खोली करून राहतो. त्याची बायको रक्षा तिथल्याच एका शाळेत शिकवते. तिनं फोन करून सांगितलं, "आई, इकडेच या. मोठ्या दवाखान्यात डोळे तपासू." मधुकरराव आणि मंदाबाई जामला गाडी बदलून वर्ध्याला गेले. काम काय, तर चष्मा. मधुकररावांनी दुकानाला कुलूप लावताना शेजाऱ्याला सांगितलं होतं, की संध्याकाळपर्यंत येतो.

चष्म्याची फ्रेम मंदाबाईंच्या तोंडावर सरळ बसेना. डोळे तपासणाऱ्या मुलीनं दोनदा काढून पुन्हा घातली. मग तिच्या लक्षात आलं, की फ्रेम सरळच आहे, डावी भुवईच वर ओढली गेलीय. गिरडात लोक यावरही चेष्टा करायचे, मंदाबाई एक भुवई चढवूनच भाव सांगतात म्हणून. त्या मुलीनं मात्र चेष्टा केली नाही. कातडीच्या विभागाचा कागद लिहून दिला.

तिथली डॉक्टर, सुरभी नावाची, वयानं रक्षाएवढीच. ती म्हणाली, "काकू, टिकली काढता का?"

मंदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. परक्या माणसांत कपाळ उघडं करायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्या आंघोळीला गेल्या तरी दुसरी टिकली आरशाला चिकटवून ठेवून मगच जायच्या.

"डॉक्टर, तो गोंदाचा डाग हाय," मधुकरराव पुढे झाले. "मी त्याच धंद्यातला मानूस आहो. हजार पाह्यले असन असे."

"असेल काका. मला बघू तर द्या."

टिकली निघाली. डॉक्टरीण जवळ आली, दोन बोटांनी कपाळाची कातडी ताणली. बाकीची कातडी ताणली गेली, तेवढा भाग जागचा हलला नाही. पांढरट, गुळगुळीत, जुन्या भाजल्याच्या वणासारखा. त्याला कड अशी नव्हतीच. कुठे संपतो ते कळत नव्हतं. मग तिनं कापसाची वात घेतली.

"इथे लागतंय?"

"नाई."

"इथे?"

"नाई."

वात केसांपर्यंत गेली तरी मंदाबाई नाईच म्हणत होत्या. मधुकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. कपाळ बधिर झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाकीचं सगळं ठाऊक होतं.

हो. ठाऊक होतं. आता सांगूनच टाकतो, उगाच झाकून ठेवायचं कशाला. झाकाझाक करायला तो माणूस होताच. गोंदाचा डाग कसा असतो, हे मधुकररावांना झोपेतून उठवून विचारा. तो टिकलीएवढा असतो, बांगडीनं आखल्यासारखा गोल. कातडी बाकीच्या कातडीसारखीच मऊ राहते, फक्त रंग जातो. आणि गोंद बंद केला की डाग थांबतो. मंदाबाईंचा डाग गोल नव्हता, डाव्या भुवईकडे पाय पसरत होता. हाताला टणक लागायचा. आणि मधुकररावांनी त्यांना सलग आठ महिने गोंद बंद करून मेणावर कुंकू लावायला लावलं होतं. आठ महिने! डाग तरी वाढला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रक्षा तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. तिनं सरळ विचारलं, "मामाजी, गोंद बंद हाय, मंग डाग काऊन वाढून राह्यला? दाखवून येऊ ना वर्ध्याले." मधुकरराव तिच्यावर असे खेकसले, की पोरीनं पुन्हा तो विषय काढला नाही. आठ दिवसांनी बारा नंबरची मखमली आली.

का खेकसले, तेही सांगतो. त्याच उन्हाळ्यात पंचफुला नावाच्या एका बाईनं बाजारात गवगवा केला होता, की मधुकररावाच्या टिकल्यांनी माझं कपाळ सडलं. तिला फक्त खाज सुटली होती, आठवड्यात गेलीही. पण गिऱ्हाईक तुटायला लागलं. तेव्हा मधुकररावांनी मंदाबाईंना त्या दिवसापुरती टिकली लावून दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि चारचौघींना ओरडून सांगितलं, "हे पाहा माह्या घरचं कपाळ! तीस वर्षं माह्याच दुकानची टिकली लावते!" बायका पुन्हा यायला लागल्या. आता त्याच कपाळावरची टिकली काढून कुणाला दाखवणार? डॉक्टरकडे नेलं तर चार लोकांत बोभाटा होणारच. दिवाळी जाऊ दे, लग्नसराई जाऊ दे, उरूस होऊ दे. असं करत करत दोन वर्षं गेली.

तपासायला तुकडा काढला होता. आठ दिवसांनी कागद आला. डॉक्टरीण नवरा-बायको आणि रक्षा अशा तिघांना समोर बसवून म्हणाली, की हा कॅन्सर आहे.

"गाठ नाई, जखम नाई, रगत नाई. कॅन्सर कसा होईन?" मधुकररावांचा आवाज त्यांचाच वाटेना.

"म्हणूनच तर हा सापडत नाही, काका. कातडीचा सगळ्यात नेहमीचा कॅन्सर आहे हा. एरवी मोत्यासारखा फोड येतो, त्याची जखम होते, ती भरत नाही. मग माणूस आपणहून येतो. आपल्या लोकांत कधी कधी तो काळा असतो, तर तीळ समजून सोडून देतात. कधी नायट्यासारखा दिसतो. आणि एक हा असा, क्वचित दिसणारा. जुन्या वणासारखा. वर काहीच नाही आणि खाली मुळं पसरतात. जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. आम्ही डॉक्टरसुद्धा फसतो याला."

मंदाबाईंनी हळूच विचारलं, "टिकलीनं झाला का, बाई?"

"नाही. टिकलीचा काही संबंध नाही. टिकलीमुळे फक्त दिसला नाही."

हे ऐकलं आणि मधुकररावांना पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. बायकोला कॅन्सर सांगितलाय, ती शेजारी बसलीय, आणि याच्या मनात आलं, चला, माल तरी सुटला. एक क्षणभरच. मग त्यांची त्यांनाच इतकी किळस आली, की बाकड्यावर बसवेना. दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर हेच सांगितलं असतं या पोरीनं. दुकानावरचा डाग तेव्हाच पुसला गेला असता आणि हिच्या कपाळावरचा बोटाएवढ्या जागेत निघाला असता. काय मिळवलं मग? काय झाकलं?

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीण म्हणाली, मुळं हाडाला टेकलीत, हाडात शिरलेली नाहीत. हा कॅन्सर सहसा अंगभर पसरत नाही, पण बसल्या जागी खात सुटतो. कातडी, मग हाड, मग डोळा, मग आत मेंदूकडे. आता कापला तर सगळा निघेल, अशी तिला आशा होती. कडा तपासत तपासत कापायचा. कपाळाची बरीचशी कातडी जाईल, डाव्या भुवईचा तुकडा जाईल, मांडीची कातडी काढून तिथे लावायची. येत्या मंगळवारची तारीख मोकळी आहे. ती हुकली तर दिवाळीनंतर, आणि तोवर हाड वाचेल असं ती सांगू शकत नव्हती.

"लावलेल्या कातडीवर कुंकू टिकन?" मंदाबाईंनी विचारलं.

"वर्षभर तरी काही लावायचं नाही, काकू. पुढचं पुढे बघू. जागा सपाट नसेल, रंगही वेगळा असेल."

मंदाबाई उठल्या. टिकली हातातच होती, ती जागेवर लावली. "मले नाई करायचं," म्हणाल्या आणि दाराबाहेर पडल्या.

बोरगावच्या त्या दोन खोल्यांत पुढचे पाच दिवस जे चाललं, ते वैऱ्याच्याही घरी होऊ नये. निकेश आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. रक्षानं समजावलं, भांडली, जेवली नाही. मधुकररावांनी बायकोच्या पायावर डोकं ठेवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मंदाबाईंनी पाय मागे घेतले आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या मुळीच रडत नव्हत्या. भाजी निवडत होत्या, कुकरच्या शिट्या मोजत होत्या.

"आयका," त्या म्हणायच्या, "नवरा जित्ता असून मी बिनकुंकवानं फिरू? हळदीकुंकवाले कोन बोलावन मले? बोलावलं त कुठं लावतीन, गालाले? आपल्या दुकानात बसू का अशी? त्यापरीस भरल्या कपाळानं जातो ना मी. तुमच्या आधी. तुमच्या हातानं मळवट भरजा माह्या कपाळावर. एवढीच हौस हाय बापा, दुसरी कोनती केली होती मी आजवर?"

आणि हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते बघून मधुकररावांना वाटायचं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. ही कुणासाठी मरायला निघाली? माझ्यासाठी. माझ्या नावाचं कुंकू घेऊन. ज्यानं हिचं कपाळ दुकानाच्या पाटीसारखं वापरलं, त्याच्या हातचा मळवट हिला पाहिजे!

त्यांनी सगळे उपाय केले. कुंकू भांगात भरता येतं, असं सांगितलं. भटजींना फोन लावून दिला. दुकान विकतो म्हणाले. मंदाबाई हसल्या. "वेड लागलं का? दुकान म्हनजे तुमचा जीव." खरं होतं ते. म्हणूनच ते वर्मी बसलं.

सोमवारी रात्रीपर्यंत उत्तर तेच होतं. मंगळवारी सकाळी त्या दवाखान्यात यायला तयार झाल्या, पण डॉक्टरणीला तोंडावर नाही सांगायला. "पोरीनं जीव तोडून समजावलं, तिले न सांगता काऊन जायचं? बरं दिसते का ते?" एवढी रीतभात. टिकलीही लावली होती, तीच मरून.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर लांब बाकडं होतं. मंदाबाई मधे, एका बाजूला रक्षा, दुसऱ्या बाजूला मधुकरराव. निकेश खाली औषधांच्या रांगेत होता. त्याला अजून वाटत होतं आई ऐकेल. आत आधीच्या माणसाचं आटोपत आलं होतं. नर्स येऊन सांगून गेली, की दहा मिनिटांत नाव पुकारू, नाही म्हणायचं असेल तर तेव्हाच सांगा, मागे दुसरा पेशंट उभा आहे.

मधुकररावांनी त्या दारावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. दहा मिनिटं. समजावून झालं, रडून झालं, पाया पडून झालं. एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगण्यापेक्षा दिव्याखालच्या दारातून स्वतःला आत नेऊन कापून घेणं सोपं होतं.

"मंदा," ते म्हणाले, "मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"गोंदाचा डाग नव्हता तो. गोंदाचा गोल असते. तुहा गोल नव्हता. मेण लावल्यावर थांबाले पाह्यजे होता, थांबला नाई. हाताले टणक लागे. मले दोन वर्षांपासून ठाऊक होतं का हे दुसरं काई हाय. काय हाय ते नवतं माईत. पन गोंद नाई, हे माईत होतं."

मंदाबाईंनी मान वळवली. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"पंचफुलाचं ताजं होतं. तुले दाखवाले नेलं असतं त लोक म्हनले असते, टिकलीवाल्याच्याच बायकोचं कपाळ गेलं. दुकान बसलं असतं." त्यांनी सुनेकडे बोट दाखवलं. "रक्षानं इचारलं होतं मले तवा. मी तिले गप्प केलं."

मंदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. रक्षा खाली बघत होती. तिनं मान हलवली, हो म्हणून.

"म्हनजे ते बारा नंबरची," मंदाबाई सावकाश म्हणाल्या, "झाकाले आनत होते तुमी."

"हाव."

"आन मी समजत होती लाडानं आनून राह्यले."

बाजूच्या बाकड्यावरचं एक म्हातारं खोकत होतं, त्याचीच माणसं त्याला पाणी पाजत होती. मंदाबाईंनी समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. मधुकररावांना वाटलं, आता ही रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत थोबाडीत मारली असती, तरी त्यांनी गाल पुढे केला असता.

"पायरीवर उभं केलतं मले," त्या म्हणाल्या. "पाहा म्हने घरचं कपाळ. किती मान वाटला होता मले त्या दिवशी. रातभर झोप नवती आली."

"मंदा..."

"बोलू नोका आता."

दार उघडलं. नर्सनं कागद हातात धरून नाव पुकारलं. "मंदाबाई कोण? काय ठरलं?"

"मी," मंदाबाई उठल्या. "करायचं हाय ऑपरेशन."

रक्षाला हुंदका फुटला. मधुकरराव उठले. वाचली. मंदा वाचली. ऐकलं तिनं माझं. त्यांनी हात जोडले, टेकडीवरच्या बाबाला की समोरच्या नर्सला, त्यांचं त्यांना कळलं नाही.

मंदाबाईंनी टिकली काढली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग पदर कपाळावर न ओढता, सगळ्या लोकांसमोर तशाच उभ्या राहिल्या.

"इथे नातेवाइकाची सही लागेल," नर्सनं कागद पुढे केला. "मिस्टर आहेत ना?"

मधुकररावांनी पेन घ्यायला हात पुढे केला. मंदाबाईंनी कागद त्यांच्या हाताखालून काढून घेतला आणि सुनेला दिला.

"तू कर व रक्षा."

"पण ते इथेच आहेत ना?" नर्स गोंधळली.

"नाई," मंदाबाई म्हणाल्या, "त्याईले गिरडले जा लागते. दुकान उघडाचं हाय त्याईले."

रक्षानं डोळे पुसून सही केली. मंदाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून आत गेल्या, आणि नर्सनं दार लावून घेतलं.